उन्हाळ्यात वर येणारं रान

अण्णा,

मी काय काम करते हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं. नोकरी लागली तेव्हा तुम्हाला जाऊन काही वर्षं झाली होती. आईला सांगितलं, तर ती गल्लीभर सांगत सुटली, "माझी लेक इमानातून जमिनी मोजती." विमान नाही अण्णा, उपग्रह. तो वरून फोटो काढतो आणि आम्ही पुण्याच्या ऑफिसात बसून त्या फोटोतल्या प्रत्येक चौकोनी तुकड्याला नाव देतो. पीक, पडीक, जंगल, वस्ती, पाणी. दरवर्षी सगळ्या देशाचं असं करायचं आणि मागच्या वर्षांशी ताडून बघायचं, कुठं काय होतं आणि आता काय झालं. आपल्या जिल्ह्यात ज्वारीची रानं सोयाबीनखाली गेलेली मी खुर्चीत बसून बघितली. येडशीच्या जंगलाची पानं उन्हाळ्यात गळली की मशीनला वाटतं, जंगलच गेलं. मग त्याला समजावावं लागतं की बाबा, थांब, पावसाळ्यात येतंय परत. हे ऐकून तुम्ही हसला असता. "एवढी शिकलीस आन् मशीनला समजावतीस व्हय?"

धरण भरलं, आपलं रान पाण्याखाली गेलं, तेव्हा मी पाळण्यात होते. त्यामुळं आपलं रान माझ्यासाठी नेहमी उन्हाळ्यातलंच रान राहिलं. बाकी वर्षभर तुम्ही दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. पण ऊन तापलं, पाणी मागं हटायला लागलं, की तुम्ही माकणीच्या धरणाकडं रोज एक चक्कर टाकायचात. मग एके दिवशी घरी येऊन आईला म्हणायचात, "उघडं पडलं बघ." पाहुणा आल्यासारखं म्हणायचात. सरकारकडून गाळपेरीला ती जमीन तेवढ्या हंगामापुरती मिळायची. आपण सगळे जायचो. गाळ वरून वाळून भेगाळलेला, आत लोण्यासारखा मऊ. तुम्ही त्यात टरबूज आणि वाळकं लावायचात, कडेला जनावरांसाठी मका. मला हाताला धरून दाखवत चालायचात, "हितं हीर व्हती. हितं तुझ्या आज्याचा गोठा. हितं पाय जपून टाक, भुसभुशीत हाय." मला कुठंच काही दिसायचं नाही. तुम्हाला मात्र सगळं दिसायचं, आणि तुम्ही गोठ्याच्या दारातून वाकूनच आत जायचात. आज हे लिहिताना मी पुन्हा तुमच्या मागं चालते आहे, आणि वाकतेही आहे.

तुम्ही मला एकदाच रागावल्याचं आठवतं. आईनं कुणाला तरी सांगताना मी ऐकलं होतं की पाण्यानं आपलं रान खाल्लं. मग काय, मी काठावर उभी राहून पाण्याला दगड मारत सुटले. तुम्ही मनगट धरलंत. "पाण्यानं काय वाकडं केलं तुजं? लोक पितेत ते. त्येला दगूड मारायचा न्हाय." मी रडायला लागले तेव्हा तुम्ही ओंजळीनं माझं तोंड त्याच पाण्यानं धुतलंत, आणि हळूच म्हणालात, "मलाबी राग येतंय. पर दगूड न्हाय मारायचा." हे दुसरं वाक्य मला पहिल्यापेक्षा जास्त पुरलं आहे.

आणि शेजारच्या काकांशी झालेलं ते भांडण! गाळाखाली धुरा-बांध कुठला उरायला? तरी तुम्ही दोघं हातवारे करत होता, धुरा इथून जातो का तिथून. दोघांचेही आवाज पार गावापर्यंत. आईनं भाकरीचं फडकं मधोमध सोडलं आणि म्हणाली, "पाणी आलं की दोघांचंबी एकच व्हतंय. आदी जेवा." तुम्ही दोघं गप बसून जेवलात. काकांनी ठेच्याचं कौतुक केलं तसं तुम्ही म्हणालात, "वाटलं तर एक वळ तिकडं घ्या." काका म्हणाले, "न्हाय न्हाय, तुमीच घ्या." मग ती ओळ कुणीच घेईना. त्या वर्षी तिथली टरबुजं पोरांनी खाल्ली.

मागच्या वर्षी ऑफिसात धरणांच्या काठांचा प्रश्न निघाला. नियम असा होता की वर्षातून एकदा पाणी दिसलं, की तो तुकडा वर्षभर पाणीच धरायचा. मी म्हटलं, तिथं उन्हाळ्यात पीक असतं. आमचे साहेब भले गृहस्थ आहेत, पण म्हणाले, "मॅडम, एवढ्याशा पट्ट्यासाठी नवा वर्ग कशाला? कोण पेरतं तिथं?"  मी म्हटलं, "माझे वडील पेरायचे."  साहेब म्हणाले, "जाऊन बघून या. फोटो आणा."

यंदा ऐन उन्हाळ्यात गेले. धरणात पाणी बरंच राहिलेलं, त्यामुळं आपलं रान वर आलंच नव्हतं. वरच्या अंगाला मात्र काकांच्या सूनबाई वाळकं तोडत होत्या. केस पांढरे झालेत आता. "कुणाच्या वो तुमी?" तुमचं नाव सांगितलं तशी त्यांनी पाटी खाली ठेवली. "अगं बया! ट्रॅक्टरवाल्या अण्णाची व्हय?" मला बसवलं, वाळूक चिरून मीठ लावून दिलं. मी कशाला आले ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "गेल्या साली गारांनी समदा मळा झोपला. कुणी बघायला आलं न्हाय. कागदावर पाणीच हाय म्हनं हितं. पान्यावर कुठं गारांनी नुकसान व्हतंय?" आणि हसल्या.  मी फोटो काढत गेले, मळ्याचे, मक्याचे, पाटीचे, त्यांच्या हातांचे.

ते फोटो आणि महिन्या-महिन्याची उपग्रहाची चित्रं शेजारीशेजारी लावून दाखवली. साहेबांनी बराच वेळ बघितलं आणि नवा वर्ग मंजूर केला: पाणी आणि उन्हाळी पीक. मग तो सगळ्या देशाच्या नकाशावर चालवला. अण्णा, तुम्ही बघायला हवं होतं. एकेका धरणाच्या काठानं हिरवी किनार उमटत गेली, लुगड्याला काठ लागावा तशी. कुठल्या कुठल्या मुलखातली माणसं, पाण्याची वाट बघणारी नव्हे, पाणी हटायची वाट बघणारी. मला वाटायचं, तसे तुम्ही एकटेच. सूनबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "म्हंजी आता आमी दिसतो वरून?" म्हटलं, दिसता. गारांचे पैसे त्यांना मिळतील की नाही, ते मला ठाऊक नाही. पण पुढच्या खेपेला 'इथं नुसतं पाणी आहे' असं कुणाला म्हणता येणार नाही.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे माहीत असूनच लिहिलं. एक गोष्ट मात्र ऑफिसात कुणाला सांगितलेली नाही. यंदाचा नकाशा पक्का करण्याआधी मी आपल्या रानाचा तुकडा उघडला. यंदा तो वर आलाच नव्हता, म्हणून मशीननं तिथं 'पाणी' लावलं होतं, आणि ते बरोबर होतं. दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. तरी मी ते पुसलं, आणि माझ्या हातानं पुन्हा 'पाणी' असंच लिहिलं.