जास्वंदीवरचा फवारा

सिंदी मेघे,
१२ सप्टेंबर २०२४

ती. वासुदेवदादास,
धाकट्या नलूचा सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाईस, म्हणून लिहून राह्यली. वाचून फाडलंस तरी चालेल, पण आधी वाच.

रविवारी तू गणपतीच्या दर्शनाले आलास. मी दूर्वा आणाले गेलती. तेवढ्यात तुले गॅलरीतल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण सापडला, कपाशीवर येते तोच, पांढरा अन् चिकट. पण वावरासाठी घेतलेली विषाची बाटली पिशवीतून काढून, अंदाजानं पाण्यात ओतून घरात फवारलीस? काऊन? गॅलरीले काचा आहेत अन् तिचं दार सासूबाईंच्या खोलीत उघडते, हे तुले दिसलं नाई?

मी आली तवा तू निघून गेलतास अन् म्हाताऱ्या सासूबाई पलंगावरून वाकून ओकत होत्या. दोन दिवस सलाईनवर होत्या. डॉक्टरनं मले सगळ्यांसमोर झापलं, की असलं औषध घरात आलंच कसं. माह्या भावानं आणलं, हे सांगाले माही जीभ उचलली नाई.

ढेकूण तर मी साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून पुसते. फारच झाला तर फांदी छाटते. फुलझाडाले आणखी काय लागते? तुह्या फवाऱ्यानं झाड काळं पडलं. सासूबाई आता घरी आल्या.

शालूवहिनीले नमस्कार. माया तेवढीच आहे, पण राग मोठा आहे, तो ध्यानात असू दे.

तुही
नलू


मु. पो. पुलगाव,
१७ सप्टेंबर

चि. नलूस,
दादाचा आशीर्वाद.

तुह्या सासूबाई अनुसयाबाईंच्या पाया पडून माफी मागतो. चूक माहीच.

पण एक गोष्ट मले लागली. डॉक्टर विचारते, हे घरात आलंच कसं. आमच्या घरात ते तीस वर्षांपासून आहे, ज्वारीच्या कोठीजवळ. मागच्या साली फवारता फवारता विष भिनून मी वावराच्या धुऱ्यावर पडलो. तीन दिवस दवाखान्यात होतो. तवा कोणी कोणाले झापलं नाई. उलट पुढल्या हप्त्यात फवारणी कवा करता, हेच सारे विचारून गेले.

तवापासून डोळ्यापुढं धुरकट आहे. बाटलीवरचं वाचता येत नाई, म्हणून अंदाजानं ओतलं. ढेकूण हाताले चिकट लागला तवा समजला. आता तर फोन कोणाचा आहे तेही दिसत नाई, म्हणून उचलत नाई. तुले सांगू नको असं शालूले मीच बजावलं होतं. हे अक्षर तिचंच आहे, अन् लिहिता लिहिता ती रडून राह्यली.

लोभ आटू देजो नको.

तुहा
दादा


सिंदी मेघे,
२३ सप्टेंबर

सौ. शालूवहिनीस,
नलूचा नमस्कार. हे पत्र दादाले मोठ्यानं वाचून दाखव.

एक वर्ष! दर महिन्यात आपण बोललो, लग्नाकार्याले भेटलो, अन् तुम्ही दोघांनी मले परकी केलं? मी जास्वंदीच्या पानापानावर फडकं फिरवत बसली अन् सख्ख्या भावाच्या डोळ्यांकडं एकदा पाह्यलं नाई. हा राग कोणावर काढू? सासूबाईंना सांगितलं तर त्या मलेच ओरडल्या, की उलट्या राहू दे, तू आधी त्याले डोळ्याच्या डॉक्टरकडं ने.

शनिवारी सकाळच्या गाडीनं येऊन राह्यली. सोमवारी दोघांनी माह्यासंग वर्ध्याले निघायचं. तोवर दादानं फवारणीच्या पंपाले हात लावायचा नाई. कपाशीवर काहीही पडो, वावरात दुसरा माणूस पाठवा, तोंडाले फडकं अन् हातात मोजे घालून.

दादा नाई म्हणेल. त्याले सांगजो, नलू विचाराले नाई येऊन राह्यली, न्याले येऊन राह्यली.

अन् वहिनी, यातली एकही ओळ गाळू नको.

तुमची, अजून रागातच,
नलू