ओल्या गोधडीच्या तिथी

फाल्गुन शुद्ध द्वादशी, शके १८५२

पंच लोक विसरभोळे. मटणाचं जेवण झालं की गाऱ्हाणं कुणाचं होतं तेही विसरतात, आणि हात वाळायच्या आत दुसऱ्याच्या बाजूने माना डोलावतात. म्हणून ही वही. तू तरी विसरू नकोस, बाई वही.

मला अक्षर येत नाही. मी सांगते, नातू वाल्मिक लिहितो. खालापूरच्या शाळेत मास्तर आहे. मी 'हाय' म्हटलं की हा 'आहे' लिहितो. लिही बाबा, शाई तुझी.

तर गाऱ्हाणं असं. वाल्मिकच्या लग्नाला तीन महिने झाले. बायको सोमी, साजगावची. दिसायला बरी, कामाला बरी – आणि अंथरुणात मुतते! सतरा वर्षांची घोडी! आज तिसरी खेप. उजाडायच्या आत गोधडी उचलून ओढ्यावर पळते. मी अडवून विचारलं तर खाली बघून म्हणाली, माझ्याकडून झालं. शी!

वाल्मिकचे कान लाल झालेत. होऊ देत. तिथ्या लिहून ठेवायच्या म्हणजे पंचांपुढे काडी मोडताना तिच्या बापाला तोंड उघडायला जागा नको.

फाल्गुन वद्य तृतीया

पुन्हा ओली. या खेपेला उशीवर लाल थुंकीचा डागही. तोंडात कसली घाण धरून निजते देव जाणे.

आजपासून तिच्या हातची भाकरी बंद. माझ्या सुनेला, चंद्राबाईला, सांगितलं की माझी भाकरी तू थाप. सोमी परात घेऊन बसलीच होती. हात पिठात होते ते तिने धुतले आणि परात चंद्राबाईकडे सरकवली.

वाल्मिक शाळेत गेला नाही. डोकं ठणकतंय, अंग कुणी काठीने बडवल्यासारखं दुखतंय म्हणे. असलं ध्यान शेजारी निजल्यावर दुखेल नाही तर काय.

फाल्गुन वद्य अष्टमी

कोरडी.

फाल्गुन अमावास्या

ओली. चंद्राबाई म्हणाली, अमावास्येची बाधा आहे. भगत आणला. त्याने सोमीच्या नाकाला वहाण लावली. मग कांदा फोडून लावला. मग केस जाळून धूर दिला. ती ओकली, पण जागची हलली नाही. आमच्या घरात तो वास अजून आहे.

भगत म्हणाला, बाहेरचं आहे. मला विचाराल तर घरातलंच आहे – परसात जायचा आळस. कोंबडा मात्र घेऊन गेला. कोंबड्याला कसली बाधा होती?

चैत्र शुद्ध तृतीया, शके १८५३

सोमीला साजगावला पोचवली. गाडीत बसताना एकच बोलली, आणि तेही वाल्मिकला नाही, मला.

"आजी, त्यांना कुशीवर निजवा."

बघा! चाळीस वर्षं मी पोरं निजवली, आता ही मला शिकवणार. गोधडी उन्हात टाकली, कडुनिंबाचा पाला घालून घडी केली. घर स्वच्छ झालं.

चैत्र शुद्ध नवमी

रामजन्माचा सुंठवडा केला. वाल्मिकने तोंडात टाकला आणि परसात जाऊन थुंकला. जीभ झोंबते म्हणाला. बायको गेली तर जिभेलाही रुसवा आला.

चैत्र शुद्ध द्वादशी

ठमी आली. वरच्या वाडीवरची. मोळ्या विकते, वयाने माझ्याएवढी, दातांनीही माझ्याएवढीच. ओढ्याकडून हसत आली. म्हणाली, तुमचा मास्तर बायकांसारखा गोधडी धुतोय. मी म्हटलं, सोमीची राहिली असेल एखादी.

ठमीचं हसू गेलं. मोळी खाली टाकली.

"सून जाऊन नऊ दीस झालं. मंग गोधडी कोन भिजवतं गं?"

(इथं वाल्मिकचा टाक थांबला. लिही म्हटलं. शाईचा ठिपका पडलाय, राहू दे.)

ठमी मला विचारायला लागली. पोराची जीभ कडेला फुटते का? सकाळी अंग मोडून येतं का? उठल्यावर घटकाभर खुळ्यासारखा बघत बसतो का? तिच्या भावाचं असंच होतं. जागेपणी कधी नाही, निजला की. दिवसभर लाकडं फोडायचा, म्हणून कुणाला खरं वाटलं नाही. एका थंडीत शेकोटीजवळ निजला. पुढचं तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

वाल्मिक गोधडी पिळून आला. मी म्हटलं, जीभ काढ. लहानपणी काढायचा तशी काढली. डाव्या कडेला दातांच्या खुणा. एक जुनी, एक ताजी.

उशीवरची लाल थुंकी आठवली. मला किळस आली. पण कुणाची, ते सांगायला लाज वाटते.

चैत्र पौर्णिमा

आज डोळ्यांनी पाहिलं. भर दुपारी. जेवून पडवीत निजला होता, मी जवळ वाल सोलत बसले होते. आधी घशातून आवाज निघाला, बोकडाच्या मानेवर पाय दिल्यासारखा. मग अंगाचं लाकूड झालं. मग झटके. हात, पाय, मान, सगळं एका तालात, सुपात धान्य पाखडावं तसं. तोंडाला फेस. डोळे अर्धे उघडे, पण त्यात तो नव्हता.

मी वहाण उचलली. हात तसाच राहिला. सोमीच्या नाकाला लावली होती तीच ही वहाण. फेकून दिली ती अंगणात. मग आठवलं – कुशीवर निजवा. ढकलून कुशीवर केला. विडा लावून होईल एवढाच वेळ गेला असेल. मला वाटलं माझं आयुष्य संपलं. मग घोरायला लागला. धोतर ओलं.

जागा झाला तर विचारतो, शाळा सुटली का.

हे मी सांगते आहे आणि तोच लिहितो आहे. दुसऱ्या कुणाची गोष्ट लिहावी तसं खाली मान घालून. आता मधेच टाक ठेवून म्हणाला, "ओलं माझं होतं हे मला ठाऊक होतं, आजी. का होतं ते कळायचं नाही. तिने गोधडी ओढून घेतली, मी गप्प बसलो."

"आणि ही वही लिहीत बसलास?"

"तू सांगत होतीस."

शी! ही 'शी' लिही. एकदा तुझ्या नावाने लिही आणि एकदा माझ्या.

चैत्र वद्य द्वितीया

कर्जतला डॉक्टरकडे नेला. त्याने ही वही मागून घेतली आणि पहिल्या पानापासून वाचली. मी पदर तोंडाला लावून बसले. तर म्हणतो कसा, फार उत्तम नोंद ठेवलीत, आजीबाई! कुठल्या दिवशी गोधडी ओली, कुठल्या दिवशी डोकं दुखलं, जिभेचं केव्हा झालं, सगळं हवं तसं आहे. झोपेतलं फेफरं आहे हे. फक्त माणूस चुकीचा लिहिलाय.

पूड दिली, रोज घ्यायची. फेफरं आलं की दाबून धरायचं नाही, तोंडात काही कोंबायचं नाही, कुशीवर करायचं. चुलीपाशी आणि नदीवर एकट्याला सोडायचं नाही. कांदा-वहाणेचं विचारलं तर म्हणाला, कांदा खायचा आणि वहाण पायात घालायची.

जन्मात पहिली शाबासकी मिळाली ती असल्या कामाची. थुंकावं तिच्यावर.

चैत्र वद्य पंचमी, साजगाव

ह्ये अक्षर सोमीचं हाय. ती चार यत्ता शिकलेली हाय, माझ्या घरात साडेतीन महिने राहिली तरी मला ठावं नवतं. मी कधी इचारलंच नाय. मी बोलते तसंच ती लिवते, सुधारत नाय.

तिला सगळं ठावं होतं. लग्नाच्या पयल्या आठवड्यापासून. रोज कुशीवर निजवायची, सकाळी त्याच्या आदी उठायची. मी म्हटलं, मंग बोलली का नायस गं? तर म्हणाली, "फेफऱ्याचा मास्तर शाळंत कोन ठेवील? माजं काय, मला नुसतं परत धाडतील."

मी पाया पडले तिच्या. तिनं पाय मागं घेतले. येते म्हणाली नाय. येत नाय असंबी म्हणाली नाय. ती ठरवंल तवर मी हितंच बसनार.

वाल्मिकला निरोप – गाडीवाल्यासंगं पायलीभर तांदळाचं पीठ धाड. भाकऱ्या करून धाडू नको. नुसतं पीठ. ती थापंल, आनि आमी दोघी हितं वट्यावर बसून खाऊ, सगळ्यांदेखत.