जोडातली भेग

११ नोव्हेंबर

प्रिय दादा,

पाठदुखी कमी झाली का? छकुलीचा पुढचा दात पडला आणि ती साऱ्या गल्लीला खिडकी दाखवत फिरते, असं वहिनी सांगत होती. मी बरी आहे. वेळेवर जेवते.

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितेय. कंपनीने तुझ्याकडून चाचणीची गाडी काढून घेतल्यापासून घुम्यासारखा बसून आहेस म्हणे. कुणीतरी डूख धरून कागाळी केली, असं तुला वाटतंय. तसं नाही रे.

तुझ्या गाडीतली गॅसची टाकी आमच्या प्रयोगशाळेत केलेल्या जोडाची. ॲल्युमिनियम आणि पोलाद न वितळवता, नुसतं घासून जोडायचं, हेच माझं पीएचडीचं काम. "बहिणीची टाकी पाठीशी घेऊन फिरतो," म्हणून तू मिरवायचास. मागे मी तसाच जोड पुन्हा पुन्हा तापवून थंड केला. वरून अगदी आरसा. कापला, तर आत भेग. दुसरा कापला, त्यातही.

माझ्या मार्गदर्शक सरांकडे धावले. ते म्हणाले, "आधी प्रबंध दे, मग भेगा शोध. कंपनीला शब्द दिलाय आपण."

"सर, त्या गाडीवर माझा भाऊ आहे."

"मग त्याला सांग, जपून चालव."

मी तडक तुकडे घेऊन कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्यांकडे गेले. त्यांनी त्याच दुपारी सगळ्या गाड्या थांबवल्या. कागाळी केली ती मी, दादा.

काल तुझी टाकी माझ्यासमोर कापली. भेग जवळजवळ आरपार गेली होती. नखाच्या जाडीचा धातू तेवढा शिल्लक होता. आणि मला वहिनीने पाठवलेला फोटो आठवला. छकुली तुझ्या गाडीत, त्याच टाकीला टेकून हसतेय. तेव्हापासून घास घशाखाली उतरत नाही. जेवते असं वर लिहिलं, ते खोटं.

सोमवारी मला विद्यापीठाच्या चौकशी समितीपुढे बोलावलंय. जोडायची पद्धत चांगलीच होती, हिनेच जोड बिघडवले, असं सर सांगणार आहेत. एवढ्या वर्षांचं काम पाण्यात जाईल.

रागावला असशील तर बोलू नकोस. फक्त समितीच्या खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बस. दाराबाहेर आपलं माणूस आहे एवढं कळलं, तरी माझी वाचा बसणार नाही.

येशील ना?

तुझी,
फार घाबरलेली धाकटी