नालीच्या तोंडाचं पाणी

सेलू,
शनिवार, २७ जुलै २०२४

प्रिय सत्यशीलाताई,

तुला आणि दाजींना जय भीम. मी बरी आहे, म्हणजे अंगानं बरी आहे. इकडे आठ दिवस झड लागलीय, खोलीत दोरीवरचे कपडे वाळत नाहीत. दाजींच्या कपाशीत पाणी साचलं नाही ना?

हे सगळं फोनवर विचारता आलं असतं. दोनदा नंबर लावला आणि कट केला. म्हणून कागद घेतला. हा तिसरा कागद. आपला बन्सीधर उद्या गावाकडं येतोय, त्याच्या हाती देतेय.

रविवारी मी म्हणाले, विहिरीचं पाणी वापरू नका. तू कारण विचारलंस. "पावसाळ्यात गाळ येतो," म्हणून मी घाईनं फोन ठेवला. ताई, ते खोटं होतं.

तू गल्लीभर सांगतेस, आमची सुकेशनी तेलगिरणीत पाणी तपासते. आवारातलं पावसाचं पाणी एका नालीतून ओढ्याला जातं, आणि तो ओढा तुमच्या विहिरीला लागून. मोठा पाऊस झाला की नालीच्या तोंडाशी बाटली भरायची, तपासणीला पाठवायची, रिपोर्टवर सही करायची. एवढंच माझं काम. तेल साफ करायला कॉस्टिक सोडा लागतो. त्याची पोती उघड्यावर होती. शेड घाला म्हणून मार्चपासून तीनदा लेखी दिलं. बारा जूनला पोती फुटली. नालीत पांढरा फेस. मी झडप बंद करायला धावले, ती गंजलेली, हलेना.

मॅनेजर रंगनाथराव छत्री धरून आले. "मॅडम, बोअरच्या पाण्याची बाटली भरा अन् द्या पाठवून. कुणाला काय कळायलंय?"

मी भरली. सही केली. नंतरही मोठ्या पावसात सोडा वाहतच राहिला, तेव्हा आणखी दोनदा. ओढ्याच्या खाली कोण राहतं हे तेव्हा लक्षात आलं नाही, असं लिहावंसं वाटतंय. आलं होतं. नोकरी जाईल, याचीच भीती जास्त वाटली.

मग रविवारच्या त्याच फोनवर तू बोलता बोलता म्हणालीस, "आत्याबाईच्या हाताची कातडी सोलायलीय. मलम लावलं तर लय आग होतीय म्हनत्यात." तुझ्या सासूबाई रोज त्याच विहिरीवर धुणं धुतात. ते ऐकूनच मी विहिरीचं पाणी वापरू नका म्हणाले.

मंगळवारी भर पावसात नालीच्या तोंडाशी खरी बाटली भरली. आधीचे तिन्ही रिपोर्ट खोटे आहेत, असं माझ्या सहीनं लिहिलं आणि परभणीला जाऊन बाटली आणि तो कागद सरकारी अधिकाऱ्यांच्या हातात दिला. गुरुवारी त्यांनी येऊन नाली बंद केली. सोमवारी तेच तुमच्या विहिरीचं पाणी तपासणीला न्यायला येतील, अडवू नका. काल मला गिरणीच्या फाटकातूनच परत पाठवलं. माझ्यावरही केस होईल. होऊ दे.

आत्याबाईंना लगेच दवाखान्यात ने. डॉक्टरांना सांग, पाण्यात कॉस्टिक आहे. हे मी जूनमध्येच सांगायला हवं होतं.

दाजींना हे सगळं वाचून दाखव, काही गाळू नकोस. मंगळवारी सकाळच्या एसटीनं मी येतेय. आत्याबाईंच्या समोर बसून माझ्या तोंडानं सांगणार आहे. त्या घरात घेणार नसतील तर अंगणात उभी राहून सांगेन. माफी मात्र कागदावर मागत नाही.

चुकलेली, तरी तुझीच,
सुकेशनी