दोनदा रुंद केलेला पट्टा

८ एप्रिल, बुध. शुक्रवार पेठेतलं घर
बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं. थेंब दिवसातून चारदा. मी पंधरा दिवस इथंच, पीएचडीचं शेवटचं प्रकरण घेऊन. मंगळवेढ्याहून काका आले. "तुजा त्यो सूर्य पेटला का न्हाय अजून?" म्हटलं, पेटवणारे दुसरे. फ्यूजनच्या भट्टीत प्लाझ्माच्या, म्हणजे अतितप्त वायूच्या, कडेची उष्णता भिंतीवर किती पडेल, एवढंच मी मोजते. "म्हंजी चुलीपेक्षा भांड्याची काळजी की!" बरोबर बोलले.

१० एप्रिल
आकृतीसाठी जुनं गणित काढलं. उष्णता भिंतीवर ज्या पट्ट्यात पसरते, त्याची रुंदी मी वाढवून कॉम्प्युटरच्या कोडमध्ये घातली होती. आज दिसलं, कोड ती स्वतःही वाढवतो. म्हणजे दोनदा. पट्टा दुप्पट रुंद, म्हणून उष्णता खऱ्याच्या निम्मीच दिसली.
माझं आत्ता काहीतरी चुकत असेल. नक्की आत्ताच.

११ एप्रिल
नाही. तेव्हाच चुकलं. कागदावर तीनदा केलं. पेपर छापून वर्ष झालं, पहिलं नाव माझं, दुसरं माझ्या गाइड सरांचं. आणि परदेशातला गट माझाच आकडा धरून येत्या गुरुवारी यंत्र पूर्ण ताकदीनं चालवणार. ही उष्णता झेलणाऱ्या यंत्राच्या तळाच्या फरशा वितळल्या तर
आई : "जेव की गं." ताट झाकून ठेवलं.

१२ एप्रिल
लॅबमधल्या नसरीनला सगळं पाठवलं. दुपारी तिचा फोन. "तुझं बरोबर आहे. म्हणजे, चुकलंय ते बरोबर आहे." मग हळूच, "सरांची बढतीची मुलाखत शुक्रवारी आहे. तोवर थांब ना."
गुरुवार आधी येतो.

१३ एप्रिल
त्या गटाला मेल लिहिली, पुसली. भीती फरशांची की सरांची? पाच वर्षं गेलीत यात. थेंब घालताना बाबांना सांगितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते म्हणून जमलं. त्यांनी गालावरचा थेंब पुसला. मग म्हणाले, "नोकरीत मी एकदा बोललो नव्हतो." कशाबद्दल ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

१४ एप्रिल
सुट्टी. रस्त्यावर जयंतीची गर्दी. खिडकी लावून सरांना फोन केला. पहिला प्रश्न, "कुणाकुणाला माहितीय?"
"नसरीनला."
"शुक्रवारपर्यंत कुणाला काही लिहू नकोस. मी बघतो."
"सर, ते गुरुवारी चालवणारेत."
त्यांनी फोन ठेवला होता.

१५ एप्रिल
सकाळी परदेशातल्या गटाला मेल पाठवली. चूक, नवा आकडा, सगळं गणित. प्रत सरांना. सरांचे तीन मिस्ड कॉल. एकही उचलला नाही, धीरच झाला नाही. संध्याकाळी तिकडून दोन ओळी : मिळाली, तपासतोय, उद्याचं अजून ठरलं नाही.

१६ एप्रिल, गुरु.
दुपार. तिकडं सकाळ झाली असेल. चालवलं की थांबवलं, काही कळत नाही. सरांचा मेसेज आलाय : एकटी असशील तेव्हा फोन कर.
उठून दार लावलं. परत उघडलं. बाबांना हाक मारून समोर बसवलंय. नंबर लावतेय.