नमुना परत केला, ताई

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा दोन्ही हात जोडून (एका हातात पेन आहे, तरी जोडून) नमस्कार. आम्ही इकडे ठीक आहोत. तूही ठीक असशील अशी आशा आहे. आशाच म्हणतो, कारण खात्री करून घ्यायला फोन केला की तू कंबरेचं सविस्तर सांगतेस, शेजारणीचं त्याहून सविस्तर सांगतेस आणि मी तुझ्या लेकीचं नाव काढलं रे काढलं की तुझ्या कुकरची शिट्टी होते. फोन बंद. इतक्या शिट्ट्यांनंतर कुकरात काही शिल्लक राहत असेल असं मला वाटत नाही. म्हणून हे पत्र. कागदाला मध्येच शिट्टी होत नाही, हा त्याचा मोठा गुण आहे.

तर मुद्दा असा. तुझ्या लेकीने स्तन मोठे करून घेण्याचं ऑपरेशन करायचं ठरवलं आणि ते तुला ऐन जेवताना सांगितलं. (अशा गोष्टी हात धुतल्यावर सांगाव्यात, हे मी तिला नंतर समजावलं.) तू म्हणालीस, असलं काही केलंस तर मी तुझ्या घराची पायरी चढणार नाही. एवढ्यावर थांबली असतीस तर बरं होतं, पण तू मला फोन करून फर्मावलंस की तिच्याबरोबर डॉक्टरकडे जा, सगळी खोड काढ आणि तिचं मन वळव. जन्मभर लिफ्टा तपासण्यात गेलेल्या माणसाला ही कामगिरी का, असं मी विचारलं, तर म्हणालीस, तुला खोड काढता येते ना, बास. हे मात्र खरं. चालणारी लिफ्ट बंद करण्यात माझा हातखंडा होता.

जायच्या आधी तिला तुझी सगळी वाक्यं जशीच्या तशी ऐकवली. लोक काय म्हणतील, हे पहिलं. ती दातांच्या कवळ्यांना पॉलिश करत होती (घरीसुद्धा काम आणते, कोणावर गेली आहे कोण जाणे). मान वर न करता म्हणाली, "मामा, तुमच्या तोंडात काय आहे ते लोकांना कळतं का?" आता ताई, माझी वरची आणि खालची, दोन्ही कवळ्या तिनेच केलेल्या. उसन्या दातांनी खऱ्याचा कैवार कसा घ्यायचा? निसर्गाने दिलं त्यात समाधान मानावं, हे तुझं दुसरं वाक्य मी आपण होऊनच गाळलं, कारण तुझ्या केसांचा विषय निघाला असता. या वयात ते निसर्गाने इतके काळे ठेवले आहेत हे पटवणं माझ्या आवाक्याबाहेरचं आहे.

डॉक्टरांचा दवाखाना तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टमध्ये लावलेल्या तपासणीच्या दाखल्याची मुदत उलटून गेलेली. भाची लिफ्टने गेली, मी तत्त्वाने गेलो, म्हणजे जिन्याने. वर पोचलो तेव्हा छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि शर्टाचं वरचं बटण मी हवेसाठी उघडलं होतं. भाची हात धुवायला गेलेली. काउंटरवरच्या मुलीने माझ्याकडे, म्हणजे माझ्या छातीकडे, फार सहानुभूतीने पाहिलं आणि हळू आवाजात सांगितलं, लाजू नका काका, पुरुषांचे कमी करायचे ऑपरेशनही इथे होते, तुमच्या वयाचे बरेच जण येतात. मी बटण लावलं. त्या दिवसापासून आंघोळीनंतर आरशात पाहतो तेव्हा तिचं अगदीच काही चुकलं नव्हतं असं वाटतं, पण तो विषय वेगळा.

डॉक्टरीणबाई साधारण तुझ्या वयाच्या. चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं मोजकं. मी सुरुवातीला ‘तो भाग’, ‘तो अवयव’, ‘वरचा मजला’ असं काहीबाही म्हणत होतो. त्या म्हणाल्या, स्तन म्हणा, काही होत नाही. मी म्हणालो. खरंच काही झालं नाही. मग त्यांनी आत जे बसवतात त्याचा टेबलावरचा एक नमुना माझ्या हातात ठेवला. पारदर्शक, गार, बसक्या वाटीएवढा, दाबला की दबतो, सोडला की मुकाट्याने पुन्हा पहिल्यासारखा होतो. (आपल्या घरात असा स्वभाव कोणाचाच नाही.) मी माझ्या सवयीप्रमाणे विचारायला लागलो. लिफ्टवाल्याला कोणी विचारू नये की चालते का, तो हो म्हणणारच. विचारावं की बिघडली तर मला कसं कळेल. बाई खुर्चीत पुढे सरकून बसल्या. म्हणाल्या, हा प्रश्न इथे फार थोडे लोक विचारतात, बहुतेकांना साइजच विचारायचा असतो.

मी खोड काढायला गेलो होतो, पण माझ्या आधी बाईंनीच सगळ्या खोडी काढून पुढ्यात मांडल्या. माझ्यासाठी काही ठेवलंच नाही. हे जन्माला पुरत नाही, म्हणाल्या. कोणाला पंधरा-वीस वर्षं काही होत नाही, कोणाला लवकर काढावं किंवा बदलावं लागतं, पण पुढे कधीतरी पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर झोपावं लागेल असं धरूनच चालायचं. आत फुटलं तर फटाक्यासारखं फुटत नाही, गुपचूप फुटतं, बाईला पत्ताही लागत नाही, म्हणून दर काही वर्षांनी स्कॅन करत राहायचं. शरीर त्याच्याभोवती स्वतःचं एक अस्तर विणतं, ते कधी आवळतं, मग घट्ट लागतं आणि दुखतं. त्या अस्तरात अगदी क्वचित एका जातीचा कर्करोगही सापडला आहे. तेव्हा कितीही वर्षांनी एक बाजू अचानक सुजली तर वाकडी झोपले असेन म्हणून शेक घेत बसायचं नाही, तडक यायचं. तिथली जाणीव कमी होऊ शकते, काहींची परत येते, काहींची येत नाही. पुढे मूल झालं तर बहुतेकींना अंगावर पाजता येतं, पण हमी कोणी देत असेल तर तिथून उठून यावं. आणि उद्या नको वाटलं म्हणून काढून टाकलं तर जसं होतं तसं होईलच असं नाही. मी सगळं लिहून घेत होतो. अर्ध्यावर लक्षात आलं की मी खोड काढणं सोडून मान डोलावतो आहे. नोकरीत असताना एकाही लिफ्टवाल्याने आपल्या मशीनबद्दल इतकं खरं मला सांगितलं नव्हतं.

मग बाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं. म्हणाल्या, हिच्याशी एकटीशी बोलायचं आहे. कोणी भरीस घातलंय का ते विचारते. मी म्हणालो, भरीस कोणी नाही, उलट हिची आई विरोधात आहे. तर म्हणतात, तेही दडपणच, घरच्यांच्या विरोधाला हट्टाने उत्तर म्हणून कोणी करत असेल तरी मी करत नाही. हे तुला मुद्दाम कळवतो. मी बाहेर येऊन बसलो.

आणि इथे घोटाळा झाला. तुला माहीत आहे, तपासणीत झिजलेला किंवा संशयाचा सुटा भाग दिसला की तो मी तिथल्या तिथे कोटाच्या खिशात टाकायचो, मालकाने रातोरात बदलू नये म्हणून. ती सवय हाडीमासी खिळली आहे. बाहेर बसताना तो नमुना मी कधी खिशात टाकला ते माझं मलाच कळलं नाही. घरी आलो, कोट खुंटीला लावला, जेवून झोपलो.

दुसऱ्या दिवशी पाहतो तर तुझी भावजय पाय लांब करून बसलेली, गुडघ्यावर रुमाल, रुमालावर तो. तिला व्यायामवाल्या डॉक्टरने गुडघा गार जेलच्या पिशवीने शेकायला सांगितलं होतं, ते ती मला कित्येक दिवस सांगत होती आणि मी कित्येक दिवस हं म्हणत होतो. खिशात पिशवी सापडल्यावर तिला वाटलं, यांनी न सांगता आणली. संसारात पहिल्यांदाच. तिचे डोळे भरून आले होते, ताई. आता तूच सांग, अशा बाईला खरं कोण सांगणार? मी म्हणालो, बरं वाटतंय ना? म्हणाली, फार. समोरच्या वहिनींनाही दाखवून आली. त्यांनी कुठे मिळते विचारलं. तो नमुना आमच्या फ्रीझरमध्ये बर्फाच्या ट्रेशेजारी राहायला लागला आणि त्या घरात माझी किंमत जी वाढली ती पूर्वी कधी नव्हती. चहासुद्धा न मागता येत होता.

हे सुख फार टिकलं नाही. दवाखान्यातून भाचीला फोन गेला की टेबलावरचा नमुना दिसत नाही, चुकून तुमच्याबरोबर तर नाही ना आला. तिने मला विचारलं. मी तिला खरं सांगितलं, तर ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मग मीच घरी जाऊन कबुली दिली. तुझ्या भावजयीने गुडघ्यावरचा रुमाल उचलला, घडी घातली. जेवणही मुकाट्याने वाढलं. मला वाटलं, झालं, आता आठवडाभर भोगा. झोपायच्या आधी म्हणाली, "त्यांना विचारा, जोडी मिळते का. दुसराही दुखतो."

मी नमुना धुऊन, पुसून, डब्यात घालून परत करायला गेलो. (लिफ्टचा नवा दाखला लागला होता. मी काउंटरवर बोललो होतो, त्याचा परिणाम असावा.) डॉक्टरीणबाईंना गुडघ्याचं सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, हा फक्त दाखवायचा असतो, कोणाच्या शरीरात जाणार नव्हता, काळजी करू नका, मात्र गुडघ्यासाठी औषधांच्या दुकानात खरी पिशवी मिळते, तीच आणा. मी दोन आणल्या. पहिलीसारखी नाही, असं तुझ्या भावजयीचं म्हणणं आहे.

त्या पहिल्या दिवशी आत काय बोलणं झालं ते भाचीने मला उतरताना जिन्यात सांगितलं होतं. बाईंनी विचारलं, कोणासाठी करतेस? ही म्हणाली, स्वतःसाठी. त्यावर त्या म्हणाल्या, हे सगळेच म्हणतात, नीट सांग. तेव्हा ही म्हणाली की मी लोकांना दात करून देते, दात बसले की माणूस आरशात बघतो, एकदा हसतो आणि आपल्या कामाला लागतो, मला तेवढंच हवंय, कामाला लागायचंय. यामुळे लग्न जमेल, बढती मिळेल, कोणी सोडून गेलेला परत येईल असं काही डोक्यात असतं तर आपण नाही म्हटलं असतं, असं बाईंनी तिला स्पष्ट सांगितलं. हिला हवा होता तो आकारही त्यांनी नाकारला, छातीच्या रुंदीला झेपेल तेवढाच मिळेल म्हणाल्या. मग घरी जा, विचार कर आणि तरीही वाटलं तर ये, असं म्हणून पाठवून दिलं. मला हे ऐकून बरं वाटलं. ही मुलगी लहानपणी कपडे बदलायला दाराला कडी लावून वर खुर्ची लावायची, ते आपण सगळे हसण्यावारी न्यायचो. मला तेव्हा ते दिसायला हवं होतं असं आता वाटतं, पण मला सुटे भागच दिसतात.

असो. सध्या ती विचार करते आहे. तुझी कामगिरी मी माझ्या परीने पार पाडली. तब्येतीला जप. कुकरची रबरी रिंग बदलून घे.

तुझा धाकटा,
(जन्मभर तुझ्या हुकमतीखालचा)

ता. क. – विचार करते आहे असं वर लिहिलं, ते जुनं झालं. परवा ऑपरेशन झालं. पत्राच्या पोटात लिहायचा धीर झाला नाही, म्हणून शेपटात लिहितो. व्यवस्थित झालं, बाई स्वतः बाहेर येऊन सांगून गेल्या. पहिली रात्र जवळ कोणीतरी हवंच असतं, म्हणून मी होतो. हे पत्र मी तिच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून लिहितो आहे.

ता. क. २ – तिचे हात सध्या खांद्याच्या वर जायचे नाहीत. फडताळातला कप नाही, जड काही उचलायचं नाही, केसही विंचरायचे नाहीत. तुझ्या भावजयीला गुडघ्यामुळे इथला जिना चढवत नाही (लिफ्ट आहे, पण मी तिला त्या लिफ्टमध्ये बसू देणार नाही). म्हणून काल भाचीची वेणी मी घातली. दोरखंडाच्या गाठी मला येतात, त्यातलीच एक बसली. ती सुटेना, म्हणून थोडे केस कापावे लागले. ती रागावली नाही. आरशात बघितलं, हसली आणि मग जरा वेळ भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मी विचारलं, दुखतंय का? म्हणाली, "आई ओढून घालते. डोकं दुखेपर्यंत ओढते. तशी घालायची होती."

तुला कळवू नका असं तिने बजावलं आहे, म्हणून मी तुला काही कळवलेलं नाही.

ता. क. ३ – पायरी चढणार नाही म्हणाली होतीस. तू ये, या इमारतीची लिफ्ट मी आजच तपासून घेतो. आणि येताना कंगवा आण, इथला माझ्या हातून मोडला.