साच्यात न येणारी जीभ

३ मार्च, मंगळवार

लिही — जीभ जाणार. पुरती. सतरा तारखेला.

डॉक्टर माझ्याकडे बघून बोललेच नाहीत. मुलाकडे बघून बोलले. जणू जीभ त्याची! तो आपल्या चपलांकडे बघत होता. मग मीच विचारलं, "अर्धी ठेवाल का?" म्हणाले, "आजी, ठेवून उपयोग नाही. मुळापर्यंत गेलंय." "आणि बोलणं?" — "ते राहणार नाही."

सासू म्हणायची, हिच्या जिभेला हाड नाही. फोटोत डॉक्टरांनाही हाड सापडलं नाही. दुसरंच सापडलं.

घरी आल्यावर नात ही वही घेऊन बसली. "आजी, काय असेल ते आत्ता बोलून घे, मी उतरवते." मला एक अक्षर येत नाही. म्हणजे पुढे बोलताही यायचं नाही, आणि इथे काय लिहिलंय ते वाचताही यायचं नाही. मग वही कोणासाठी? ती म्हणते, वहीसाठीच. बरं. ऐक गं, वहीबाई.

नातीला मी टिटवी म्हणते. दिवसभर टिवटिव! आत्ता मात्र नुसता पेन चालतोय.

४ मार्च

दोन घोट दूध. गिळताना कानापर्यंत कळ.

७ मार्च, शनिवार

वहीबाई, तुला माझा धंदा माहीत नसेल. तीस वर्षं मी कवळ्यांच्या कारखान्यात साचे ओतले. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाची मापं यायची, गुलाबी, रबरासारखी. त्यात प्लास्टर ओतायचं, हापटून बुडबुडे काढायचे, सुकलं की उलटं करायचं — की समोर जबडा! हिरड्या, सुळे, दाढा, टाळूचा घुमट. सोबत नावाची चिठ्ठी असायची. मला चिठ्ठी वाचता येईना, म्हणून मी टाळू वाचायची. पुढच्या दातांच्या मागे टाळूवर बारीक वळ्या असतात. जीभ लावून बघ — अगं, तुला कुठली जीभ! तुलाही नाही.

त्या वळ्या एकाच्या दुसऱ्यासारख्या नसतात. शिकलेल्यांनी चिठ्ठ्या वाचून दोनदा कवळ्यांची अदलाबदल केली. माझ्या हातून एकदाही नाही.

पण साच्यात जीभ येत नाही. माप घेताना तिला बाजूला सारतात. खालचा साचा घोड्याच्या नालासारखा, मधे मोकळा. इतकी तोंडं ओतली, जीभ एकही नाही. मग स्वतःच्या जिभेकडे तरी कुठलं लक्ष जाणार? मागची दाढ तुटली होती. तिचं टोक जिभेच्या कडेला घासायचं. फोड आला. म्हटलं, उद्या कानस लावीन. काम सोडलं तेव्हा कानस घरी आणली होती, समोर खिडकीत पडलेली! आठ महिने 'उद्या'.

डॉक्टर म्हणाले, दाढेमुळे झालं की कशामुळे, आता विचारून काय उपयोग. खरंय. तरी मी रोज विचारते.

९ मार्च, सोमवार

टिटवीने पाटी आणली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी! "आजी, आठवड्यात थोडं जरी आलं तरी लिहून दाखवशील."

"इतकी वर्षं कोणाला सुचलं नाही, आता घाई झाली होय?" म्हटलं. तरी बसले.

"क म्हण. जीभ कुठे लागली?" मागे, पडजिभेजवळ. "च?" टाळूला. "ट?" शेंडा वळून घुमटाला. "त?" दातांच्या मागे. "प?" जीभ लागलीच नाही — नुसते ओठ.

"बघ आजी! अक्षरं तोंडाच्याच क्रमाने लावलीत. घशाकडून निघायचं ते ओठापर्यंत."

मला हसूच आलं. म्हणजे तीस वर्षं मी अक्षरांचेच साचे ओतले आणि अडाणी म्हणवून घेतलं!

मग एकेक म्हणून पाहिलं. क — जीभ. च — जीभ. ट, त, न, र, ल, स — जीभ, जीभ, जीभ. नुसत्या ओठांवर किती उरतात? प, फ, ब, भ, म. पाच. टिटवीच्या हे आधी लक्षात आलं नव्हतं. चेहरा पडला. पाटी पालथी घालून उठली.

दारातून म्हणाली, "ह पण राहील, आजी."

म्हणजे 'हो' म्हणता येईल, 'नाही' म्हणता येणार नाही. बाईच्या जातीला यात नवीन ते काय!

आणि ब्र? ब्र काढायलासुद्धा र लागतो.

१० मार्च

पाटी नको म्हणून सांगितलं. रेघ सरळ येत नाही, आणि आठवडाही उरलेला नाही.

१२ मार्च, गुरुवार

कारखान्यात गेले. धाकटे मालक आता स्वतःच पिकलेत. म्हटलं, "माझ्या तोंडाचा साचा हवाय. जिभेसकट."

"मावशी, जीभ गप्प बसली तर साच्यात येईल. तुमची कुठली बसायला!"

तीनदा प्रयत्न केला. गार लगदा जिभेवर पडला की उमासे. जीभ हलायची, माप बिघडायचं. तिसऱ्यांदा जे निघालं ते बुटाच्या टाचेसारखं. "ही तुमची?" त्यांनी विचारलं. म्हटलं, "छे! माझी इतकी गरीब कधी नव्हती."

ते हसले आणि नळाखाली हात धूत बसले. बराच वेळ धूत होते. हातावर काही नव्हतं.

वरचा साचा मात्र झकास आला. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःची टाळू बोटाने वाचली. हजारांत ओळखीन. खिडकीत ठेवलाय, कानशीशेजारी.

१५ मार्च, रविवार

'टिटवी' म्हणता येणार नाही. दोन ट आहेत त्यात. तिला ओठांवरचं नाव हवं.

"पप्पू?"

"मी मुलगा आहे का?"

"बंब?"

"आजी!"

"भोंपू."

तिने पेन फेकला. मग उचलला. म्हणाली, "परत म्हण." जीभ तळाशी दाबून धरून तीनदा म्हणून दाखवलं. भोंपू, भोंपू, भोंपू. "चालेल," म्हणाली. नाक ओढत होती. हे लिहू नको म्हणते. मी म्हणते, लिही.

मुलाला 'बाबा' म्हणेन. लहानपणी म्हणायची तसं.

१६ मार्च, सोमवार

हॉस्पिटल. नर्सबाई फॉर्म घेऊन आल्या. "आजी, इथे अंगठा." म्हटलं, आधी वाचून दाखवा. मुलाने भराभरा वाचलं. मधे एके ठिकाणी त्याचा श्वास अडला, डोळे पुढे सरकले. एक ओळ गाळली त्याने. मी विचारलं नाही. अंगठा दिला.

उद्या सकाळी सात वाजता. शेवटचं काय बोलावं? एवढी बडबडी बाई, आणि काही सुचत नाही! नुसतं टिटवी, टिटवी, टिटवी म्हणून घेतलं. पुरे.

१८ मार्च, बुधवार

गळ्याला टाके आहेत. तोंडात एकही नाही. जीभ हलवून पाहिली — वळ्यांवरून फिरली, दातांना लागली. आहे! सगळी आहे.

"टिटवी," म्हटलं. स्वच्छ. दोन्ही ट.

मुलगा उठून बाहेर गेला. ती हसायला बघत म्हणाली, "आजी, डॉक्टरांनी गळा उघडून पाहिला आणि परत शिवला. जीभ ठेवली." तेव्हा म्हणाले होते, ठेवून उपयोग नाही. आता काढून उपयोग नाही.

त्याने फॉर्ममधली गाळलेली ओळ हीच — आत पसरलेलं दिसलं तर न कापता परत शिवायचं. मला अक्षरं लागली नाहीत.

लिही, भोंपू — 'नाही' म्हणता येतंय. म्हणू कोणाला?